भिंत राहू द्या वाकडी, रंग महागातला घ्या

"काही नाही हो काका, रंगात सगळं झाकलं जातं." परवा एका रंगाऱ्याच्या तोंडून हे पुन्हा ऐकलं. दिवाळी तोंडावर आहे, तेव्हा तुमच्या भिंतींसाठीही चार सल्ले.

जुना डिस्टेंपर खरवडू नका. त्याच्यावरच पुट्टी, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करायचा लेप, ओढा. पुट्टी डिस्टेंपरला धरेल, डिस्टेंपर भिंतीला धरणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात दोघं हातात हात घालून खाली उतरतील.

ओल? पंखा लावा. गळका पाइप काय, राहील तसाच.

सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी, आडवी, तिरकी लावून भिंतीचं पोट, म्हणजे फुगवटा, शोधायच्या भानगडीत पडू नका. उगाच दिसायचं.

खड्डा कितीही खोल असो, पुट्टीनेच भरा. पुट्टीचा एक हात साधारण दीड मिलिमीटर आणि सगळे मिळून 3 मिलिमीटर, एवढीच तिची ताकद, हे विसरा. वायरिंगसाठी खोदलेली अर्धा इंच खोल झिरी एका दमात थापा. वरची साय वाळते, आतला गोळा ओलाच राहतो, मग तो आकसतो आणि झिरीच्या बरोबर वरून तडा जातो. कडा टोचून, सैल प्लास्टर पाडून, पाणी मारून, एक भाग सिमेंटला चार भाग चाळलेली वाळू असा माल भरायचा, त्यावर पाणी मारत राहायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग पुट्टी, एवढं कोण करतं? शिवाय व्हाइट सिमेंटच्या पुट्टीआधी भिंत ओलसर करायची असते. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी पिऊन टाकते आणि नंतर हात फिरवला की तळवा पांढरा. टोपलीत घट्ट झालेली पुट्टी पाणी घालून परत ढवळतात, तीही अशीच भुसभुशीत होते. हे ज्याला माहीत नाही त्याने पुट्टी ओढायचा पत्रा हातात का धरावा? आणि माहीत असून करतो, त्याला काय म्हणायचं?

घासल्यावरची धूळ पुसू नका, प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या अस्तराला, सोबत होते.

रंग मात्र चकचकीतच घ्या. वर छताच्या कडेने एलईडीची पट्टी लावा, म्हणजे प्रत्येक टेकाडाची सावली पाहुण्यांना दिसेल.

अहो, दोन हातांचा रंग वाळल्यावर जेमतेम केसाएवढा जाड असतो. तो काय कप्पाळ झाकणार? आणि तुम्हीही कमी नाही. चौरस फुटामागे चार पैसे वाचवायला आधी पुट्टीचा दुसरा हात कापता, मग शेड कार्डवर तासभर घालवता. पुट्टी घासून झाली की संध्याकाळी दिवे बंद करा, बॅटरी भिंतीला चिकटवून तिरकी धरा, दिसेल तिथे पेन्सिलीने गोल काढा आणि ते गोल मिटेपर्यंत प्रायमरचा डबा उघडू देऊ नका. पैसेही सोडू नका.