तालुक्याला कॉम्प्लेक्स बांधायचंय? जरा ऐका

भूसंपादनाचा मोबदला खात्यात जमा झाला असेल, पुण्यातल्या पोराने 'बाबा, आता वावर बस झालं' असं फोनवर सांगून टाकलं असेल आणि मेन रोडवरचा आजोबांचा कवेलूचा वाडा यंदाच्या पावसाळ्यात जास्तच वाकला असेल, तर विचार करत बसू नका. कॉम्प्लेक्स बांधा. खाली दुकानं, वर फ्लॅट, कपाळावर नाव. नाव 'प्लाझा' चालेल, 'हाइट्स' असेल तर उत्तम. इमारत दोन मजली असली तरी हाइट्सच. आपल्या सपाट मुलखात एवढी उंची पुरते.

वेळही चांगली आहे. २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या गावांमधल्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष बसले, आणि तेव्हापासून गावाला शहर व्हायची घाई सुटली आहे. शहर कशाला म्हणावं, याबद्दल आपल्या मनात शंका नाही. दवाखान्याच्या निमित्ताने नागपूरला आपण सगळेच जातो. जिथे पायी रस्ता ओलांडायला दुसऱ्याचा हात धरावा लागतो, ते शहर. तेव्हा तुमच्या कॉम्प्लेक्सने गावाचं शहर केलं की नाही, हे पाहायचं माप एकच. समोरून पायी जाणारा माणूस तुमच्यापाशी थांबतो का? थांबत असेल तर कुठेतरी चुकलं.

सुरुवात प्लिंथपासून, म्हणजे जोत्यापासून. ती रस्त्यापासून चार फूट तरी उचला. आपल्याकडे रस्ता जुना झाला की कोणी खरवडत नाही, त्याच्याच अंगावर नवा ओततात. आधी डांबर, मग डांबरावर डांबर, मग कोणाच्या तरी निधीतून सिमेंट. जुन्या बाजारातले उंबरे असे एकेक करून रस्त्याखाली गेले आणि आता आषाढात पाणी थेट तराजूपर्यंत येतं. तुम्ही पुढच्या तीन आमदारांची उंची आधीच धरून चाला.

मग पायऱ्या आल्याच. सात ठेवा, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या, ओल्या चपलेने घसरतील अशा. बाजाराच्या दिवशी दोन्ही हातांत थैल्या घेऊन आलेली एखादी आजी खालूनच विचारेल, "काहो भाऊ, लुगडे हायेत काय?" वरून आवाज येईल, "हायेत ना माय, या ना वरतं." माय पायऱ्यांकडे पाहील, मग आपल्या टोंगळ्यांकडे, म्हणजे गुडघ्यांकडे पाहील, आणि "येतो मंग वापस जाताना" म्हणून निघून जाईल. वापस जाताना ती दुसऱ्या रस्त्याने जाते, हे दुकानदाराला कळायला एक दिवाळी जावी लागते.

आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीच्या नकाशाला मंजुरीच द्यायची नाही. घाबरू नका. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार १ ला १२ धरतात, म्हणजे चार फूट चढायला ४८ फूट लांब रॅम्प. एवढी जागा कागदावर सहज निघते. मंजुरी हातात आली की त्याच जागेवर जनरेटर बसवा.

पायऱ्यांच्या पुढे नाली. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची १९३४ पासूनची संस्था आहे. तिच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा आणि रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, असं लिहिलेलं आहे. १.८ मीटर म्हणजे सहा फूट, समोरासमोरून येणारी दोन माणसं थैल्यांसकट जातील इतका. १५० मिलिमीटर म्हणजे वीतभरही नाही. दिल्लीत बसून लिहायला काय जातं. आपल्याकडे फूटपाथ म्हणजे नालीवरचे ढापे. तुमच्यासमोरचा ढापा शेजाऱ्याच्या ढाप्यापेक्षा नऊ इंच वर घ्या. पुढच्या वर्षी तो बारा इंच वर घेईल, तो त्याचा हक्क आहे. चालणारा माणूस एका दुकानापुढे चढेल, दुसऱ्यापुढे उतरेल आणि तिसऱ्यापासून रस्त्यावरून चालायला लागेल. मग मागून सोयाबीनने भरलेला ट्रॅक्टर येईल आणि ट्रॅक्टरवाला वरून ओरडेल, "मधातून काऊन चालता बावा?"

सावलीचा मोह आवरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं तेव्हाच देशभरच्या बातम्यांत झळकतात. अशा मुलखात जुने लोक दुकानापुढे टिनाची छपरी काढत आणि खांबाजवळ पाण्याचा रांजण ठेवत. छपरीला छपरी लागली की पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस डोक्याला दुपट्टा न बांधता जाई. एवढी फुकट सोय केली की लोक रेंगाळतात. तुम्ही पश्चिमेला तोंड करून काच लावा, वरून एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमचं चकचकीत शीट मारा. दुपारी तीन वाजता ती काच समोरच्या फळवाल्याची केळी शिजवेल. आतला दुकानदार एसीची हवा जाऊ नये म्हणून शटर अर्धं ओढेल, अर्धं शटर पाहून गिऱ्हाईक दुकान बंद समजेल, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानदार उरलेलं अर्धं ओढून जेवायला जाईल. समोर कडुनिंब असेल तर तो बोर्ड झाकतो. झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, म्हणून तोडू बिडू नका. बुंध्याभोवती गच्च सिमेंट भरा. दोन-तीन उन्हाळ्यांत झाड स्वतःच निर्णय घेतं.

कारंज्याची, अचलपूरची, खामगावची जुनी पेठ एकदा जाऊन पाहा, म्हणजे काय करू नये ते कळेल. खाली पेढी, वर माडी, मागे राहता चौक. हल्ली शहरातले आर्किटेक्ट ज्याला 'मिक्स्ड यूज' म्हणतात आणि ज्याचे वेगळे पैसे घेतात, ते हे लोक कोणाला न विचारता करून बसले होते. ओटा टोंगळ्याएवढा, म्हणजे उभ्याने सौदा होई आणि थकल्यावर बूडही टेकवता येई. दुकानाचं तोंड अरुंद, शेजाऱ्याला भिंत लावून, मध्ये मोकळी जागा नाही. परिणाम असा, की शंभर पावलांत कापड, किराणा, सोनार, न्हावी सगळं उरकायचं. खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली ती कापसासाठी, कापूस तिच्यात बसून मुंबईकडे गेला. कास्तकार मात्र बंडी मोकळ्यात सोडून पेठेत पायीच शिरत राहिला, आणि कापसाचा पैसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा सांडत गेला. त्याला पार्किंग कुठे आहे, असं कोणी विचारलं नाही.

तुमच्या गिऱ्हाइकाला ते विचारता आलं पाहिजे. म्हणून तळमजल्याचा रस्त्याकडचा भाग पार्किंगला द्या. स्टिल्टवरच्या, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मापात धरत नाहीत, त्यामुळे वर तेवढं जास्त बांधता येतं आणि खाली दिवसाही अंधार राहतो. (प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत ठेवले तर रेरात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. या एका कलमाचा अभ्यास आपल्या तालुक्यात दहावीच्या गणितापेक्षा पक्का आहे.) दर्शनी कोपरा महावितरणच्या डीपीला, म्हणजे विजेच्या पेटीला, त्याच्या बाजूला बोअरची मोटर, त्याच्या बाजूला चौकीदाराची खोली, जिच्यात चौकीदार कधीच नसतो. दुकानांची तोंडं आतल्या पॅसेजकडे वळवा. दोन्ही बाजूंचे दुकानदार दिवसभर एकमेकांकडे पाहत बसतील आणि संध्याकाळी एकमेकांकडूनच काहीतरी विकत घेतील. पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यांची चिंता नको, तिथे कोचिंग क्लास लागतो.

तुमचा प्लॉट मेन रोडवर नसून बायपासवर असेल तर तुम्ही जास्तच नशीबवान. बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूस काय करायचा, आठवून पाहा. एसटीतून उतरायचा. कृषी केंद्रात जाऊन मागची उधारी थोडी कमी करायचा, नवी थोडी वाढवायचा. बँकेत पासबुक भरायचं, तहसीलमधून सातबारा घ्यायचा, बायकोच्या गोळ्या, पोराच्या वह्या, जमलं तर दाढी, मग गुजरीतून भाजी, आणि स्टँडकडे वळताना कागदात बांधलेली गरम जिलेबी. हे सगळं चालत, एका फेरीत. प्रत्येक ठिकाणाहून पुढचं ठिकाण दिसायचं, म्हणून मधली आठ-दहा दुकानंही जगायची. आता अनेक गावांत तहसील एका दिशेला गावाबाहेर गेली, कोर्ट दुसऱ्या दिशेला, आणि कृषी कार्यालय तिसरीकडे भाड्याच्या जागेत. तोच माणूस आता ऑटोतून त्रिकोण काढतो, आणि जिलेबीचे पैसे ऑटोत जातात. तुमचं कॉम्प्लेक्स या त्रिकोणाच्या कोणत्याच रेषेवर येणार नाही, एवढं पाहा. जाहिरातीत मात्र 'बसस्थानकापासून अवघ्या पाच मिनिटांवर' लिहा. कशाने पाच मिनिटं, ते लिहायचं नसतं.

वरच्या फ्लॅटमध्ये निवृत्त मास्तर येतील, बदलीवर आलेले बँकेचे साहेब येतील, दोन खेड्यांत शेती असलेले आणि मुलांच्या शाळेसाठी इथे राहणारे भाऊसाहेब येतील. ही सगळी सभ्य माणसं आहेत, त्यांना पायी चालायला लावू नका. गुजरी तीनशे पावलांवर असली तरी मधले ढापे, डीपी आणि मोकाट ढोरं पाहून ते सांबार आणायला स्कूटी काढतील. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यातल्या पोराला समजावून सांगा, तो विसरला असेल.) डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतंच. त्यासाठी ते पहाटे पांढरे बूट घालतात, गाडीवर बायपासला जातात, गाडी उभी करतात, दोन किलोमीटर चालतात आणि गाडीवर परत येतात.

एवढं सगळं नीट केलं तरी एक धोका राहतोच. तुमच्या सातव्या पायरीच्या खाली, नालीच्या ढाप्यावर, एक पानठेला येऊन उभा राहील. मग चहाची टपरी, मग तर्री-पोह्याची हातगाडी. वरचा किराणा ओस पडलेला आणि खाली सकाळी सात ते रात्री दहा माणूस. लोक तुमच्याच ग्रॅनाइटवर बसून पोहे खातील, खर्रा घोटून होईपर्यंत थांबतील, आणि थांबलेच आहेत तर वरच्या मेडिकलमधून गोळ्याही घेतील. पानठेलेवाल्याला कोणाची बस चुकली, कोणत्या फ्लॅटला आज कुलूप आहे आणि तुमच्या गेटजवळ दोनदा घुटमळलेला तो पोरगा कोणाचा, सगळं ठाऊक असेल. सीसीटीव्हीचं बिल भरून बसलेल्या माणसाला हे कसं सहन व्हावं?

यावर उपाय आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे खरा. तो म्हणतो, आधी सर्वेक्षण करा, ते होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवू नका, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के विक्रेते घ्या, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्या. वीस हजारांच्या गावात हे पाचशे जण होतात. पण समितीची बैठकच झाली नाही तर सर्वेक्षण कुठून होणार, आणि सर्वेक्षण झालं नाही तर हा माणूस विक्रेता आहे हे ठरवणार कोण? तेव्हा अर्ज द्या, 'वाहतुकीस अडथळा' असा विषय लिहा. जेसीबी येईल. तुमचा गाडी चढवायचा उतार रस्त्यात तीन फूट पुढे आलेला असतो, पण जेसीबीच्या ड्रायव्हरला तो दिसत नाही. त्याला चहाची टपरी लांबून दिसते, कारण सकाळचा चहा तो तिथेच पितो.

टपरी गेली की पंधरा-वीस दिवसांत मेडिकलवाला 'धंदा नाही' म्हणून भाडं कमी करायला सांगेल. कमी करू नका. तो जाईल, त्याच्या मागून मोबाइलवाला जाईल, आणि गाळे रिकामे राहतील. रिकाम्या गाळ्यांना बाहेरून 'भाड्याने देणे आहे' असा फ्लेक्स लावा, त्यावर स्वतःचा फोटोही घाला, वाढदिवसाला तोच वापरता येतो.

आणि गाळे कायमचे रिकामे थोडेच राहतात? नगरपंचायतीची निवडणूक लागली की सगळ्या पक्षांना मेन रोडवर प्रचार कार्यालय हवं असतं. शेजारी-शेजारी चार गाळे चार पक्षांना द्या, खुर्च्या आणि मंडप त्यांचा, वीज तुमची. समोर रस्त्यावर शंभर माणसं दिवसभर उभी राहतील, पायी, आणि पायऱ्याही आनंदाने चढतील. चहाची टपरी तेवढ्यापुरती परत बोलावून घ्या. भाडं मात्र आगाऊ मोजून घ्या. निकालानंतर हरलेला सापडत नाही आणि जिंकलेल्याला मागायची सोय नसते.