बारदानासकट पंधरा किलो

राजेहो, पोरगा पुण्याच्या कंपनीत लागला, दिवाळीला घरी आला आणि परतीचं तिकीट त्यानं नागपूरहून विमानाचं काढलं, तर घाबरू नका. पारावर जाऊन सांगायचीही घाई करू नका. आधी काटा शोधा.

काटा म्हणजे वजनाचा. विमानात बसणं ही उडण्याची विद्या असेल असा आपला समज असतो. ती तोलाईची विद्या आहे, आणि तोलाईत आपल्याला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नाही. खेडा खरेदीवाल्याच्या ताणकाट्याखाली उभं राहून, जिनिंगच्या फाटकात बंड्यांच्या रांगेत रात्री काढून, बाजार समितीच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, भाव ऐकून आपण पुरते तयार झालो आहोत. मुंबईचा माणूस विमानतळावर वजन जास्त भरलं की इंग्रजीत भांडतो. आपण भांडत नाही. वजनातून किती कापणार एवढंच आपण विचारतो, "किती कटती?"

तर आधी तिकीट. मोबाइलवर जो भाव दिसतो तो हर्रासात पुकारलेला भाव समजा. काटापट्टी, म्हणजे वजनाची नि पैशाची पावती, हातात येईल तेव्हा आकडा वेगळा असेल आणि तुम्हाला त्याचं नवल वाटायचं कारण नाही. खिडकीजवळ बसायचे वेगळे, पाय लांब करायचे वेगळे, पोहे खायचे वेगळे, आणि हे सगळे पैसे भरायची सोय करून दिली म्हणून सोयीचेही वेगळे. कृषी केंद्रात युरियाच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्याला आपण लिंकिंग म्हणतो. इथं उलटं लिंकिंग असतं: जे पूर्वी सोबतच मिळत होतं ते सोडवून सुटं विकायचं. म्हणून तक्रार करू नका. कृषी केंद्रवाला निदान बाटली तरी देतो, असं मनात आलं तर ते मनातच ठेवा.

सगळ्यात स्वस्त तिकीट सामानाशिवायच्या माणसाचं. माणूस आणि त्याच्या हातातली सात किलोची पिशवी, बस्स. असं तिकीट विकायची मुभा आपल्याकडे २०२१ पासून आहे आणि एअर इंडिया एक्सप्रेसनं २०२४ मध्ये ते काढलंही. दिवाळी करून रिकाम्या हातानं निघणारा पोरगा विदर्भात कोणाच्या घरी जन्मतो, हे मात्र त्यांनी छापलेलं नाही. तेव्हा तुम्ही पंधरा किलोचंच तिकीट घ्या. देशातल्या प्रवासात साध्या वर्गाला बहुतेक ठिकाणी तेवढंच मिळतं. कोणे एके काळी एअर इंडिया याहून जास्त न्यायची. २०२४ मध्ये तिनंही खालच्या दराच्या तिकिटांना पंधरावर आणून बसवलं. सगळ्या व्यापाऱ्यांचा भाव एकाच दिवशी एकसारखा कसा पडतो, हे आपल्याला नव्यानं समजावून सांगायला नको.

आता मुख्य काम. बॅग भरा. म्हणजे तुम्ही भरू नका, ती घरातली माय भरेल. तुम्ही फक्त दाराशी उभे राहून "बस कर, बस कर" म्हणा, तेवढाच आपला वाटा. तूर डाळ पाच किलो, घरच्या जवसाची चटणी, मुगवड्या, कुरडया, वायगावची हळद, भिवापुरी मिरचीचं तिखट, गोडंबीची पुडी आणि वर दोन डझन संत्री, कारण पुण्यात म्हणे संत्री मिळत नाहीत. पोरगा सांगेल की मिळतात. त्याला गप्प बसवा.

मग बॅग गिरणीवर न्या. आमच्या गावात दळणाच्या काट्याशिवाय भरवशाचा काटा नाही. आम्ही नेली तेव्हा गिरणीवाल्या भाऊनं ती उचलून काट्यावर ठेवली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "बावीस किलो चारशे. बारीक दयून देऊ का जाडं?"

हसणं ओसरलं की हिशेबाला बसा. बॅग रिकामी करून पुन्हा काट्यावर ठेवा. आमची रिकामी भरली चार किलो. चाकं, दांडा, साखळी, कुलूप. म्हणजे पंधरातला चार किलो हक्क चाकांनीच खाल्ला. इथं थोडं थांबा, कारण या व्यवहारातली खरी कारागिरी इथंच आहे. बाजार समितीत आपण तूर नेतो तेव्हा पोत्याचं वजन आपल्या मालातून वजा होतं: बारदान तुमचं, पण त्याचे पैसे तुम्हाला नाहीत. विमानतळावर तेच बारदान तुमच्या मालात जमा होतं: बारदानही तुमचं आणि त्याचे पैसेही तुम्हीच भरा. दोन्ही काट्यांमध्ये इतकी वर्षं नि इतकं अंतर आहे, दोन्हींची भेट कधी झालेली नाही, तरी दोघांचं बोलणं एकच. याला परंपरा म्हणतात.

एक गोष्ट त्यांना अजून सुचलेली नाही, ती ओलाव्याची. कापूस महामंडळ आठ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालवून घेतं, त्यापुढे बारापर्यंत टक्क्याटक्क्यानं भाव कापतं आणि बाराच्या वर माल परत. विमानतळाच्या काउंटरवर अजून कोणी बॅगेत मशीनची सुई खुपसत नाही. तरीही कुरडया कडक उन्हात नीट वाळवून घ्या, टॉवेल ओला ठेवू नका. पाण्याचं वजनही तुम्ही किलोच्या भावानंच नेणार आहात.

हा भाव किती, ते विचारू नका असं म्हणणार होतो, पण विचारा. आम्ही काउंटरवर भरले ते किलोमागे पाचशेच्या पुढेच होते. सोयीसाठी पाचशेच धरू. २०२५-२६ च्या हंगामाला तुरीची आधारभूत किंमत क्विंटलला ८००० रुपये जाहीर झाली. म्हणजे एक क्विंटल तूर विकली, आणि तीही हमीभावानं विकली गेली असं धरलं (हे धरायला आपल्याला कोणी पैसे मागत नाही), की त्या पैशात सोळा किलो तूर विमानानं पुण्याला जाते. पेरणीपासून मळणीपर्यंत सहा-सात महिने, आणि सव्वा तासाच्या उड्डाणात शंभराचे सोळा. हे गणित पोराला घालू नका, तो घरी यायचा बंद होईल.

घरूनच मोबाइलवर जादा किलो आधी विकत घेतले तर स्वस्त पडतात, हे खरं आहे. पण मायनं शेवटच्या घटकेला, ऑटोत बसताना, खिडकीतून काय दिलं हे आधी कळायचं कसं? तिच्या हातातल्या फडक्याचं बुकिंग होत नाही.

कोणी शहाणा म्हणेल, सरकार काही करत का नाही? केलं होतं. २०१६ मध्ये विमान वाहतुकीच्या महासंचालनालयानं सांगितलं होतं की पंधरा ते वीस किलोमधल्या जादा वजनाला किलोमागे शंभर रुपयांहून जास्त घेऊ नका. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये तो आदेश रद्द झाला. स्पेनमध्ये तर २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या ग्राहक मंत्रालयानं हातातल्या पिशवीचेही पैसे घेणाऱ्या पाच स्वस्त विमान कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. कंपन्या तिथंही भांडायला उठल्याच. असले विचार मनात आणू नका. आपण दंड भरणारे लोक, ठोठावणारे नव्हे.

आणि या पद्धतीचं मूळ समजून घेतलं तर रागही येणार नाही. २००८ साली कच्चं तेल भडकलं, जुलैत पिंपाला १४७ डॉलर झालं. अमेरिकन एअरलाइन्सनं त्या जूनपासूनच पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावले. तेल महाग झालं, करणार काय बिचारे. वर्ष संपेपर्यंत तेल चाळीस डॉलरच्या आसपास उतरलं. बॅगेचे पैसे काही उतरले नाहीत. साउथवेस्ट नावाची एक मोठी कंपनी तेवढी दोन बॅगा फुकट नेत राहिली होती, तिनंही २८ मे २०२५ ला तो नाद सोडला. डिझेल वाढलं म्हणून ट्रॅक्टरवाल्यानं वखरणीचा भाव वाढवला आणि पुढे डिझेल उतरलं तेव्हा तो लग्नाला गेलेला होता, असं तुमच्याकडेही झालं असेल.

तर आता सात किलो चारशे ग्रॅम कुठं घालायचे, हा प्रश्न. यावर उपाय आहेत.

पहिला आणि शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे खाऊ घालणे. विमानात माणसाचं वजन करत नाहीत. एकशे दहा किलोचा गृहस्थ पंधरा किलोची बॅग घेऊन मोफत उडतो आणि पंचेचाळीस किलोची पोरगी सतरा किलोच्या बॅगेपायी दोन किलोचा दंड भरते. सामोआ देशात एका कंपनीनं २०१३ मध्ये माणसालाच काट्यावर उभं करून किलोनं भाडं घेतलं होतं. ती पद्धत इकडे आली असती तर आमच्या भागातल्या शेतकऱ्याला विमान एसटीहून स्वस्त पडलं असतं. असो. निघायच्या आदल्या रात्री पोराला शेतात न्या, रोडगे आणि वांग्याची भाजी करा, वर तूप ओता आणि "अजून एक घे" हे शब्द ऐकू येईनासे होईपर्यंत म्हणा. दीड किलो सहज निघून जातो.

दुसरा उपाय खिशांचा. दोन शर्ट, त्यावर जाकीट, त्यावर आणखी एक. दिवाळीत हे चालून जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, सोनेगावच्या विमानतळाबाहेर तीन शर्टांत उभा असलेला आपला पोरगा बघून काळजाला हात घालू नका, त्याही खिशात मुगवड्या आहेत.

तिखट मात्र हातातल्या पिशवीत ठेवू नका. तिखटाची पूड आणि मिरचीचं लोणचं सुरक्षेच्या नियमात हत्यारांच्या शेजारी बसलेलं आहे. ज्यानं कोणी हा नियम केला त्यानं सावजी रस्सा खाल्लेला असणार, त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. वाळलेलं अख्खं खोबरं तर हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि बॅगेतही नाही. त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणे. आमच्या मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग देवापुढं तीस वर्सं काय बाँब ठेवला का मी?"

माय विमानाला इमान म्हणते. मी दुरुस्त करत नाही.

तिसरा उपाय म्हणजे ट्रॅव्हल्स, आणि खरं सांगायचं तर तोच आम्ही केला. रेल्वेत स्लीपरला चाळीस किलोपर्यंत सामान फुकट आणि काटा घेऊन कोणी मागे लागत नाही, पण पोराची सुट्टी संपलेली होती. मग जादा माल एका पोत्यात भरून, तोंड शिवून, वर नाव आणि मोबाइल नंबर मार्करनं लिहून संध्याकाळी फाट्यावर पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकला. ड्रायव्हरनं पोतं हातानं उचलून अंदाज घेतला, दीडशे म्हणाला, शंभरावर आला. दुसऱ्या दिवशी पोरगा विमानानं गेला. विमानानं त्याला तासाभरात पुण्याला टाकलं खरं, पण आमच्या गावाहून नागपूर, नागपुरात दोन तास आधी, आणि पुण्यात पुन्हा रस्त्यातली गर्दी, एवढं करून तो खोलीवर पोचला तेव्हा वाकडच्या पुलाखालून आणलेलं पोतं त्याच्या पार्टनरनं उघडलेलं होतं आणि संत्री संपलेली होती.

आता अखजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, माय स्वतः पुण्याला जाणार आहे. पोरानं तिचंही तिकीट काढलं, इमानाचं. काल तिनं मला विचारलं, "माणसाच्या वजनाचे पैसे नाई लागत म्हंतेस नं?"

"नाही लागत."

"नक्की?"

"नक्की."

संध्याकाळी ती गिरणीवर गेली, मला सोबत घेऊन. काट्यावर उभी राहिली. अडतीस किलो. खाली उतरली, मागच्या खोलीत गेली, नऊवारीचा ओचा सावरत हळूहळू परत आली आणि पुन्हा काट्यावर चढली. शेहेचाळीस.

गिरणीवाल्या भाऊनं काटा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "डाय आठ किलो. बारदान वजा करून."