गडाखालून उत्तर

मावळा_९६ साहेब, तानाजींच्या सिंहगडाच्या लढाईवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा नुसता आरडाओरडाच ऐकू आला.

आधी तुमचं बरोबर ते. सभासदाने शिवाजी महाराजांची बखर रायगडावर लिहिली असं मी लेखात ठोकून दिलं होतं. ती जिंजीची, राजाराम महाराजांच्या काळातली. दुरुस्त केलंय. झालं?

आता तानाजींचा दोर कड्यावर नेणाऱ्या घोरपडीच्या गोष्टीवर मी विनोद केला, त्यावरचं तुमचं ते वाक्य. "ज्यांनी जन्मात सिंहगड चढला नाही त्यांनी यशवंती घोरपडीवर विनोद करू नयेत." अहो, मी पहिल्यांदा चढलो तो सहाव्या वर्षी, आतकरवाडीकडून, वडिलांच्या मागे भोकाड पसरून, ते वर मडक्यातलं दही हातात आल्यावरच थांबलं. पुढे किती वेळा गेलो ते मोजलं नाही, मोजणारे स्टेटसला टाकतात. आणि घोरपडीचं म्हणाल तर चौथीच्या गॅदरिंगला मी स्वतः घोरपड होतो! गोणपाटाची शेपटी, कमरेला सुतळी, बाकांवर बाक रचून केलेला कडा. तानाजी झालेला पोरगा माझ्या दुप्पट, त्याने पहिलाच हिसका दिला आणि मी शेपटीसकट, बाकासकट त्याच्या अंगावर. पडदा पाडावा लागला. दोर बांधलेल्याचं काय होतं हे मला शिकवू नका.

बरं, विनोद तानाजींवर नव्हताच, आपल्यावर होता. सभासद सांगतो की निवडक मावळे वानरासारखे कडा चढले. फेब्रुवारी १६७० ची रात्र, सरळसोट कातळ, आणि नुसत्या हातापायांनी वर जाणारी माणसं. यात काय कमी पडलं म्हणून आपण श्रेय एका चार-पाच किलोच्या जनावराला देऊन टाकलं? आता मला सांगा, अपमान कोणी केला, मी की तुम्ही?

लढाईच्या सात वर्षं आधीच्या, १६६३ च्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आहे, म्हणजे "गड आला पण सिंह गेला" वरून नाव पडलं ही गोष्ट बसत नाही, हेही लेखात होतं. त्यावर तुमचं एक अक्षर नाही. सोयीचं आहे.

तुळशीदास शाहिराचा तानाजींवरचा पोवाडाही इतिहासाचं साधनच आहे वगैरे, असेल, बघू सवडीने. 'विकला गेलेला' म्हणालात, तर डोमेनचे पैसे दरवर्षी माझ्याच खिशातून जातात, विकत घेणारा माहीत असेल तर नंबर पाठवा.

आणि 'अरे-तुरे' जरा जपून. मी तुमच्या वडिलांच्या वयाचा असेन. डीपीतली तलवार काढलीत तर खात्रीने सांगता येईल.