‘खेळवत बसल्याने आपली लेकरे मागे पडतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार.

चौथ्या वर्षी पुस्ती नको, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडते. शिकलेल्या शहरी घरात लेकराला खेळवत ठेवले तरी पुढे सावरून घेणारे कोणीतरी असते. आपल्याकडे आईवडील दिवसभर वावरात, आजीला अक्षरओळख नाही, म्हणून नर्सरीत किंवा अंगणवाडीतच लिहून घेतले नाही तर लेकरू पहिलीत मागे पडणार, असा आपला आक्षेप आहे. आपली साडेचार वर्षांची मुलगी तालुक्याच्या गावी इंग्रजी नर्सरीत जाते आणि रोज एक पान लिहून आणते. आपले स्वतःचे अक्षर वडिलांनी पाटीवर गिरवून घेतले, प्रसंगी बोटांवर छडी ठेवली, म्हणूनच वळणदार झाले, हेही आपण लिहिले आहे.

आपल्या आक्षेपाचा एक भाग मला पूर्ण मान्य आहे. ‘घाई करू नका’ एवढे सांगून मी थांबले आणि त्याऐवजी काय करावे हे लिहिलेच नाही. नुसते थांबणे ही काही शिकवण्याची रीत नव्हे. परंतु रोजच्या पानाने अक्षर घडते, हे मात्र मला मान्य नाही, आणि हे मी कोणाचे वाचून म्हणत नसून पहिलीच्या वर्गावर घालवलेल्या वर्षांच्या आधाराने म्हणते आहे.

‘म’चे भरलेले पान एकदा नीट न्याहाळून पाहा. माझ्या वर्गातील एका मुलाचे असे पान मला अजून आठवते. वरच्या ओळीतला माझा कित्ता पाहून त्याने दुसरी ओळ बरी काढली होती, पण तिसरी ओळ काढताना त्याची नजर कित्त्यावर गेलीच नाही. त्याने स्वतःच्याच दुसऱ्या ओळीची नक्कल केली, चौथीत तिसरीची, आणि खाली येईतो ‘म’ची गाठ सुटून तो जवळजवळ ‘न’ झाला होता. त्याहून गमतीची बाब पुढच्या आठवड्यात दिसली. काम लवकर आटोपावे म्हणून त्याने आधी पानभर नुसते उभे दंड मारले, मग सगळ्यांच्या डाव्या बाजू जोडल्या आणि शेवटी पट्टीने डोक्यावरून रेघा ओढल्या. पान सुबक दिसत होते, मी त्यावर ‘छान’ असा शेराही दिला, आणि त्या मुलाने ‘म’ हे अक्षर सलग असे एकदाही लिहिलेले नव्हते. ही चूक त्याची नव्हे, माझी होती, आणि मी ती बरीच वर्षे केली. आपल्या वडिलांनी गिरवून घेतले तेव्हा ते शेजारी बसलेले होते, हात कुठून सुरू होतो आणि कुठे वळतो ते पाहत होते. आपले अक्षर छडीने नव्हे, त्या शेजारी बसण्याने वळणावर आले असावे असे मला वाटते.

आता हाताविषयी. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि त्यांचे हाड होण्याची क्रिया बालपणभर चालू राहते. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौकोन, आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास, कारण तिरपी रेघ सर्वांत उशिरा जमते. मुलामुलांत थोडाफार फरक असतोच. जे लेकरू अजून तिरपी रेघ काढू शकत नाही, त्याच्याकडून ‘र’चा खालचा तिरपा पाय मागणे म्हणजे दात येण्याआधी हुरडा चारण्यासारखे आहे.

आपण याला शहरी चोचले म्हटले आहे, आणि इथे मी थोडे अडून बसणार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, ते खेड्यापाड्यांतील गरीब आणि आदिवासी मुलांसाठीच होते, आणि त्याची साधने त्याच परिसरातून आलेली होती. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर गांधीजींचे सेवाग्राम आपल्या राळेगावहून फार दूर नाही. गांधीजींना स्वतःच्या वाईट अक्षराची आयुष्यभर खंत होती, आणि आत्मकथेत त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की मुलांना आधी चित्र काढायला शिकवावे, फुले आणि पाखरे ओळखतात तशी अक्षरेही डोळ्यांनी ओळखू द्यावीत, आणि वस्तूंची चित्रे काढता येऊ लागल्यावरच लिहायला लावावे.

आजीला अक्षरओळख नाही, ही अडचण आपण मांडली आहे. पण साडेचार वर्षांच्या हाताला जे हवे, ते नेमके आजीकडेच आहे. पूस-माघात तुरीच्या हिरव्या शेंगा घरात येतात. शेंग अंगठा आणि दोन बोटांत धरून तिची शीर उकलणे आणि दाणा न चिरडता बाहेर काढणे ही अगदी तीच पकड आहे, जी पुढे पेन्सिलीला लागते. कापसाच्या एका बोंडातून रुई ओढून सरकी वेगळी करणे हेही तसेच. (लेकरांना वेचणीला न्या, असे मी म्हणत नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे; ओसरीवर बसून चार बोंडे पुरेत.) उन्हाळ्यात आजी काडीभोवती कणकेची तार गुंडाळून सरगुंडे करते, तेव्हा उरलेला गोळा नातीच्या हाती द्यावा. सकाळच्या सारवलेल्या अंगणात रांगोळीची चिमूट सोडत ठिपका ठेवणे आणि दोन ठिपके एका रेघेने जोडणे, यात दाब, दिशा आणि थांबणे हे तिन्ही येते. दसऱ्याच्या पाटीपूजनाला आपण एकच्या आकड्यांची सरस्वती काढतो. तीत तोच आकडा उभा, आडवा, तिरपा असा पुन्हा पुन्हा येतो, आणि मुले ती कंटाळा न करता काढतात. ती वर्षातून एकदाच का काढावी, हे मला कधी कळले नाही.

बोटे अशी तयार होत असताना अक्षरेही सुरू करता येतात, मात्र ‘अ’पासून नव्हे. वर्णमालेचा क्रम उच्चाराचा आहे. कंठापासून ओठांपर्यंत आवाज कुठे होतो त्यावर तो बसवलेला आहे आणि म्हणण्यासाठी तो उत्तमच आहे. हाताच्या दृष्टीने मात्र ‘अ’ हे अवघड अक्षर, कारण त्यात दोन गोलाया, मधली आडवी रेघ, दंड आणि शिरोरेषा इतके सारे एकदम येते. ‘ट’, ‘प’, ‘व’, ‘ग’ यांपासून सुरुवात करावी. ‘ट’ जमला की ‘ठ’ आणि ‘ढ’, ‘व’ जमला की ‘ब’ आणि ‘क’, ‘प’ जमला की ‘ष’ आणि ‘फ’. ‘र’ थोडा थांबून घ्यावा, पण तो एकदा हाती आला की ‘स’ आणि ‘ख’ मागोमाग येतात. एका वेळी एकच अक्षर, आधी अंगणाच्या धुळीत किंवा ताटातल्या राखेत बोटाने, मग भिंतीवर खडूने खांद्यापासून हात फिरवून मोठे, आणि सर्वांत शेवटी पाटीवर. पाटीची लेखणी आखूडच द्यावी, कारण बोटाच्या पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही. डावखुऱ्या लेकराचा हात बदलू नये. शिरोरेषा अक्षर पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे.

आपल्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. इंग्रजी अक्षर रेघेवर बसते, तर मराठी अक्षर रेघेला टांगलेले असते. एकाच महिन्यात दोन्ही सुरू केली की मूल ‘ग’ रेघेवर उभा करते आणि शिरोरेषा हवेत राहते. याला आळस समजू नये. त्यातच बाजारातल्या अनेक तक्त्यांवर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, आणि २००९ च्या शासन निर्णयानुसार मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शिकवायचा आहे. तक्ता विकत घेताना ही दोन अक्षरे पाहून घ्यावीत.

पहिलीत मागे पडण्याच्या भीतीबद्दल इतकेच सांगते की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे पहिली आणि दुसरीही त्यातच येतात. प्रत्यक्ष वर्गात मात्र सगळेच शिक्षक तसे वागत नाहीत, ही आपली तक्रार रास्त आहे.

रोजचे पान नाकारून नर्सरीशी भांडावे, असे मी सुचवणार नाही. त्यात ओढाताण लेकराचीच होते. संध्याकाळी वावरातून आल्यावर पाच मिनिटे तिच्या डाव्या बाजूला बसा, ती डावखुरी असेल तर उजव्या. पानातील पहिली ओळच करून घ्या, प्रत्येक अक्षरापूर्वी कित्त्यावर बोट ठेवायला सांगा, आणि रेघ कुठून सुरू झाली तेवढे पाहा; उलटीकडून सुरू झाली तर खोडू नका, शेजारी आपण एकदा सावकाश काढून दाखवा. राहिलेल्या ओळींत तिला त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूचे चित्र काढू द्या आणि बाईंना तशी चिठ्ठी लिहा. पंधरा दिवसांनी पहिले आणि शेवटचे पान शेजारी ठेवून काय दिसते ते इथेच कळवा. माझे म्हणणे चुकलेले आढळले तर तेही लिहा, मी मूळ लेखात तशी दुरुस्ती करीन.

आपली,
ताई