समुद्र कंपनीला सांभाळायला द्यावा का?

‘सरकारला जमत नाही ना, मग सागरी उद्यानं कंपन्यांना चालवायला द्या,’ असं हल्ली आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात चहा पितानाही ऐकू येतं. माझं म्हणणं एवढंच: कंपनीचा पैसा घ्या, माणसं घ्या, पण ‘नाही’ म्हणायचा अधिकार सरकारने हातचा सोडू नये.

बडोद्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असं विचारू नका. द्वारकेकडचं ओखामंडळ बडोद्याच्या गायकवाडांचंच होतं. सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली आणि १९०९ मध्ये अहवालाचा पहिला भाग निघाला. (डोळा मोत्यांच्या उत्पन्नावरही होता, नाही कशाला म्हणा!)

आज त्याच ओखामंडळात, मिठापूरला, टाटा केमिकल्स आहे. ही कंपनी, वनखातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी २००४ पासून व्हेल शार्क वाचवायची मोहीम चालवली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी या माशाची सर्रास शिकार व्हायची. २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, पण नुसत्या कायद्याने भागलं नाही. रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं, ते लोकांच्या मनाला भिडलं. तरी माझ्या मते खरं काम केलं जाळ्याच्या भरपाईने. महागडं जाळं कापून मासा सोडायचा, तर नुकसान खारवा मच्छिमाराने एकट्याने का सोसावं? पुढे मच्छिमारांच्याच हातात कॅमेरे दिले, म्हणजे मासा सोडल्याच्या पुराव्यासाठी साहेबाची वाट बघणं नको. अशी भागीदारी मला मान्य आहे.

कच्छच्या आखाताची गोष्ट वेगळी. १९८२ मध्ये तिथे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, आणि त्याच किनाऱ्यावर, जामनगरकडे, रिफायनऱ्या, बंदरं, तेलाच्या पाइपलाइन आहेत. उद्या यांच्यापैकीच कोणी व्यवस्थापक झाला आणि प्रवाळातून नवी पाइप न्यायची वेळ आली, तर अडवणार कोण?

झांझिबारच्या चुंबे बेटाचं उदाहरण हमखास पुढे येतं. तिथलं प्रवाळ क्षेत्र १९९४ पासून एक खासगी कंपनी सांभाळते, पर्यटकांच्या पैशावर. चांगलंच चाललंय. पण बेट चिमुकलं आणि प्रवाळ मेलं तर कंपनीचा धंदाही बसतो. आमच्याकडच्या रिफायनरीचं प्रवाळ मेल्याने काय बिघडणार?

शिवाय देणगीदाराला फोटोत दिसणारं काम हवं असतं. प्रवाळ, मोठा मासा, फलक. चेरच्या, म्हणजे खारफुटीच्या, चिखलात माशांची पिल्लं वाढतात, पण त्या चिखलावर कोण लोगो लावणार? गस्तीच्या बोटीच्या डिझेलचं तर उद्घाटनच होत नाही.

म्हणून पैसे काही वर्षांचे आगाऊ, वेगळ्या निधीत जमा व्हावेत आणि आधी गस्तीला जावेत. समितीत वाघेर आणि खारवा मच्छिमार हवेतच, हिशेब गुजरातीत जेट्टीवर लावावा. आणि ज्या कंपनीची जेट्टी किंवा पाइप उद्यानाला लागून आहे, तिला समितीत खुर्ची नको. चेक मात्र जरूर घ्यावा. जामनगरकडचे मित्र चिडतील. चिडू देत.