दरसाल आसंच ऱ्हास

सहा वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर लावलेल्या फलकावर 'शास्वत विकास' असे छापून आलेले पाहून मी प्राचार्यांच्या कानावर एवढेच घातले की, 'शाश्वत'मधले दोन्ही श शहामृगातले असतात, समईतला स त्यात कुठेही येत नाही. माझ्या नोकरीतली ही सर्वांत महागात पडलेली शुद्धलेखनाची दुरुस्ती ठरली. 'तुम्हाला विषयाची चांगली जाण दिसते,' असे म्हणून त्यांनी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थी पर्यावरण परिषदेचे संयोजकपद माझ्या गळ्यात घातले, आणि मराठीचा प्राध्यापक असलेला मी तेव्हापासून दर फेब्रुवारीत पृथ्वी वाचवण्याच्या कामाला लागतो.

या कामात माझे खरे सहकारी म्हणजे आमच्या कार्यालयातले शिपाई नाना. जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, जिथे घराघरात अहिराणी बोलली जाते, तिथले हे आमचे तालुक्याचे गाव असल्याने नाना प्राचार्यांशीही अहिराणीतच बोलतात. परिषदेत काहीही बिघडले, ध्वनिक्षेपक किंचाळला, पाहुण्यांची गाडी पारोळ्याच्या अलीकडे बंद पडली किंवा प्रमाणपत्रांवर मागच्या वर्षीची तारीख आली, तरी त्यांचे उत्तर ठरलेले असते : 'सर, दरसाल आसंच ऱ्हास.' ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो की, यातला 'ऱ्हास' म्हणजे आपला 'राहते' किंवा 'असते'; अधोगतीशी त्याचा काहीही संबंध नाही. हे स्पष्टीकरण आमच्या यंदाच्या प्रमुख पाहुण्यांना वेळेवर मिळाले असते, तर पुढचा प्रसंग टळला असता.

यंदा मी ठरवले होते की परिषदेत फ्लेक्स लावायचा नाही. फ्लेक्सवाल्याला हे सांगितले तेव्हा त्याने माझी कीव केल्यासारखे पाहिले. जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर देशभर बंदी आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. 'सर, आपला माल शंभरच्या वरचा आहे, बंदीत बसतच नाही. वर्षानुवर्षं कुजणार नाही, गॅरंटी देतो,' असे तो अभिमानाने म्हणाला. ज्या गुणावर तो माल विकत होता, त्याच गुणाविरुद्ध आम्ही दोन दिवस बोलणार होतो. परंतु हे त्याला समजावण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी मांजरपाटाचे कापड आणले आणि द्वितीय वर्षाच्या मुलांना रंग व ब्रश दिले. मुलांनी आरंभी अक्षरे इतक्या उदारपणे काढली की 'राज्यस्तरीय विद्यार्थी पर्यावरण परि' येथे कापड संपले. उरलेली 'षद' खाली कोपऱ्यात, एखाद्या चित्रकाराच्या सहीसारखी बसवण्यात आली.

परिषदेच्या आदल्या रात्री संस्थेच्या हितचिंतकांनी स्वागताचे चार फ्लेक्स परस्पर लावले, ते वेगळेच. त्यावर पाहुण्यांच्या एका छायाचित्राभोवती हितचिंतकांची एकवीस छायाचित्रे होती आणि पर्यावरण म्हणून एका कोपऱ्यात हिरवे पान होते. मी हताश होऊन पाहत असताना नाना मात्र त्यांची लांबीरुंदी हाताने मापत होते. मागच्या पाच वर्षांचे सगळे फ्लेक्स त्यांच्या मळ्यात आहेत, हे मला त्या रात्री कळले. पाच गोठ्यावर आहेत, एक कडब्याच्या गंजीवर आहे आणि एक वेचलेल्या कापसावर झाकायला आहे. 'पाहुण्यांचं तोंड वर ठेवता की खाली?' असे मी विचारले. 'खाले ठेवतस, सर. वर उन्हमा रंग उडी जास,' ते म्हणाले. म्हणजे आजवर आमच्याकडे येऊन गेलेले पाच पर्यावरणतज्ज्ञ नानांच्या म्हशींकडे वरून पाहत आहेत. आमच्या परिषदेतून निष्पन्न झालेला पुनर्वापराचा एवढा ठोस प्रकल्प दुसरा नाही. पण मूल्यांकनाच्या अहवालात तो कोणत्या रकान्यात लिहावा, हे मला उमगलेले नाही.

परिषदेला विद्यार्थ्यांची गर्दी असते, कारण ती सक्तीची असते. पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले, त्याचा आमच्याकडे लावलेला अर्थ असा की प्रत्येक वर्गाने दोन दिवस सभागृहात बसावे. निबंधवाचनाचे पाच-पाच मिनिटांचे तेवीस प्रयोग झाले आणि घंटी माझ्या हातात होती. तेवीसपैकी एकोणीस निबंधांचा आरंभ संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातल्या व्याख्येने झाला. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवणे म्हणजे शाश्वत विकास, ही व्याख्या उत्तम आहे यात शंका नाही. परंतु सहाव्या वेळेपासून मागच्या रांगेतली भावी पिढी ती निबंधवाचकाच्या बरोबरीने, आरतीच्या चालीत म्हणू लागली. त्यानंतर पडद्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सतरा उद्दिष्टांचे रंगीत चक्र यायचे, आणि ते येईपर्यंत दोन मिनिटे संपलेली असायची.

व्याख्येच्या वाटेला न गेलेल्या चौघांपैकी एक शहाद्याकडची मुलगी होती. १८८४ नंतर कोणाच्या दृष्टीस न पडल्यामुळे नामशेष झाला असे मानला गेलेला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा दिसला, हे तिने सांगितले. एकशे तेरा वर्षे सलग गैरहजर राहूनही ज्याचे नाव शेवटी पटावर परत घेतले गेले, त्या पक्ष्याबद्दल सभागृहात एकदम आपुलकी निर्माण झाली. पंचाहत्तर टक्के हजेरी न भरलेल्या मुलांनी तर टाळ्या थांबवल्याच नाहीत.

दुसरा होता साक्री तालुक्यातून आलेला एक शिडशिडीत मुलगा. पडद्यावर दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हते. पांझरेच्या काठची, पाणी वाटून घेण्याची फड पद्धत तो सांगू लागला. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे तुकडे, आणि एका फडात सर्वांचे पीक एकच. पाणी मोजून देणारा पाटकरी गावाने नेमलेला, आणि पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. हे तीन-चारशे वर्षे चालत आले आहे, असे सांगून तो म्हणाला, 'पाणी कमी असलं की गाव बसून ठरवतं, की यंदा...' आणि इथे पाच मिनिटे झाली. पाहुण्यांना संध्याकाळी भुसावळहून गाडी गाठायची होती, प्राचार्य मनगटाकडे पाहत होते, आणि मी घंटी वाजवली. तो मुलगा इतका शहाणा की 'यंदा' या शब्दावर थांबला, नमस्कार करून खाली उतरला. व्याख्या सांगणाऱ्या एकोणीस जणांना मी प्रत्येकी मिनिटभर जास्त दिले होते, हे मला तेव्हाच आठवायला हवे होते असे नाही, पण आठवले.

पाहुणे पुण्याचे होते, सज्जन होते आणि आपल्या विषयात खरोखर जाणते होते. व्यासपीठाकडे येताना व्हरांड्यात साचलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पाहून त्यांनी नानांना 'हे नेहमीच असं असतं का?' असे विचारले होते, आणि नानांनी दिलेले उत्तर वाचकांना ठाऊक आहे. भाषणात पाहुणे म्हणाले, 'मी आज भारावून गेलो आहे. तुमच्या महाविद्यालयातला एक साधा सेवक मला म्हणाला, दरसाल असाच ऱ्हास! दोन शब्दांत त्याने आपल्या काळाची वेदना मांडली.' सभागृह क्षणभर स्तब्ध झाले आणि मग असे हसले की तेवढा आवाज आमच्या स्नेहसंमेलनातही होत नाही. पाहुण्यांना वाटले, आपला मुद्दा पोहोचला. त्यांनी तो आणखी तीनदा पोहोचवला. नाना मागच्या दाराशी उभे होते आणि आपण नेमके काय भारी बोललो, हे शेजारच्याला विचारत होते.

जेवणाचा बेत मात्र माझ्या मनासारखा होता. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला एकाच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा दोघांना एकत्र आणण्यात मला औचित्य दिसत होते : कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी, आणि ताटाऐवजी केळीचे पान. अडचण एवढीच की जेवण उभ्याने होते. मळ्यात जमिनीवर मांडी घालून बसले की केळीच्या पानासारखे ताट नाही. पण तेच पान हातात धरून उभे राहिले की ते मध्ये दुमडते आणि भरीत मनगटाच्या दिशेने चालू लागते. दीडशे प्रतिनिधी हिरवी पाने पोटाशी धरून, एखाद्या तान्ह्या मुलाला सांभाळावे तसे मंडपात हिंडत होते. पाहुण्यांच्या खादीच्या बाहीवर तेलाचा एक ओघळ कोपरापर्यंत गेला. तेवढ्यात कोणाला तरी सुचले आणि त्याने परिषदेत वाटलेली प्लॅस्टिकची फाइल पानाखाली धरली. पाच मिनिटांत सर्वांनी तेच केले. सहा वर्षे मी या फाइली वाटतो आहे, त्यांचा कोणाला उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला.

पाहुणे गाडीने भुसावळला गेले. आभारात माझे नाव राहून गेले, ते दरसाल राहते. संध्याकाळी मी घरी निघालो तेव्हा फाटकाशी नाना गुंडाळलेले फ्लेक्स खांद्यावर घेऊन उभे होते, आणि धुळ्याच्या एसटीची वाट पाहत तो साक्रीचा मुलगा त्यांच्याशी बोलत होता. दिवसभरात त्याला कोणी प्रश्न विचारला नव्हता. नाना विचारत होते, 'मंग त्या पाटकरीले पगार कोन देस?'

'पगार नई, नाना. पीक उनं की बठ्ठा शेतकरी दाना देतस.'

'आनि पानी कमी पडनं तं?'

मी थांबलो, कारण सकाळी मी घंटी वाजवली ती याच जागी. मुलगा सांगू लागला की तशा वर्षी गाव बसून ठरवते आणि एखादा फड कोरडा ठेवते. पण प्रत्येकाची थोडी-थोडी जमीन सगळ्या फडांत असल्यामुळे तोटा एकट्यादुकट्याच्या वाट्याला येत नाही, तो... एवढ्यात नीट ऐकू यावे म्हणून मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, तिच्यातली घंटी किणकिणली, आणि तो वाक्याच्या मध्येच थांबून माझ्याकडे पाहू लागला.

'तू सांग रे भाऊ,' नाना म्हणाले, 'ती दरसाल आशीच वाजत ऱ्हास.'