खडूबद्दल तुमचं खरं आहे, गुरुजी

गुरुजी, नमस्कार. मुलांच्या इतिहास मंडळावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "फोटोत वीरगळीला खडू फासलाय, पोरांच्या हातात खापरं आहेत. हे वारसा जपणं नव्हे, नासवणं. उकरायचं काम तज्ज्ञांचं, मुलांनी पुस्तक वाचावं." चार दिवस हे मनात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

खडूचं शंभर टक्के मान्य. तो फोटो पहिल्या वर्षीचा. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड; त्यावरचं झिजलेलं कोरीवकाम उठून दिसावं म्हणून आम्ही खडू घासला. तो दगडाच्या बारीक छिद्रांत बसतो आणि काढायला घासलं तर दगडच झिजतो. ती चूक माझी, मुलांची नाही. आता आम्ही दिवेलागणीला जातो आणि बॅटरी एका बाजूनं अगदी आडवी धरतो. गेल्या खेपेला तळ्याकाठच्या वीरगळीवर असा उजेड टाकला, तर सहावीतली एक पोरगी ओरडली, "बाई, ह्याच्या हातात ढाल हाय की ओ!" खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, बाजूला चंद्र-सूर्य. तिनं तिन्ही पट्ट्या वहीत काढल्या. त्याच दगडावर तिची आजी धुणं आपटायची.

खापरांबद्दल मात्र तुमचा गैरसमज झालाय. ती कुंभाराकडून आणलेल्या मडक्याची. आम्ही ते फोडतो आणि लाकडी पेटीत तांबडी माती, वाळू, काळी माती असे थर देत तुकडे, बांगड्यांच्या काचा, एखादं नाणं पुरतो. मुलं वर सुतळीचे चौकोन आखतात, ब्रशनं एकेक थर काढतात आणि कुठल्या चौकोनात, किती खोल काय मिळालं ते लिहितात. एकदा तळच्या थरात २०११ चं नाणं निघालं. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे हा थर आणि वरचे सगळे २०११ च्या आधीचे नव्हेत." हे मी शिकवलं नव्हतं. शेतात मात्र आम्ही खुरपंसुद्धा लावत नाही. काही दिसलं तर जागेवरच ठेवायचं, फोटो, माप, गट नंबर घ्यायचा आणि मोठ्या माणसाला सांगायचं. पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरांना कळवायचं, हे १८७८ च्या निखात निधी कायद्यापासूनचं आहे. तेही मुलांना सांगितलंय.

दगड जागेवरच का राहावा, हे बेळगावच्या मुलांना किल्ल्यातल्या कमल बस्तीवरून, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरावरून, चटकन कळतं. ती रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं १२०४ मध्ये बांधली. हे सांगणारे कानडी शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे ऐकल्यावर मुलं बराच वेळ गप्प होती.

तुम्ही लिहिलंय की नोकरीत कानडी शाळांवरही होता. आमच्यात जुन्या कानडी अक्षरांची ओळख असलेलं कुणीच नाही. येत्या महिन्यात हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात जातोय. गाडीत तुमची जागा धरून ठेवते. याल ना?